आग्नेय कोपरा

घर विकत घेणाऱ्या तरुण जोडप्याने आधी तपासनीस पाठवला, म्हणून वसुमतीबाईंनी पोहे केले, चादरी बदलल्या. त्याने ना पोह्यांकडे पाहिलं, ना चादरींकडे. गुडघ्यांवर बसून तो काठीने एकेक फरशी ठोकत सुटला. याला पाहुणा म्हणावं की गवंडी, हेच बाईंना कळेना.

स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात ढब्ब वाजलं. "काकू, ही पोकळ आहे. रिपोर्टमध्ये लिहितो, ते फोडून नवी बसवतील."

"अहो, नका!" बाईंनी फरशीवर पाऊलच ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. एकतीस वर्षांपूर्वी वास्तुशांतीला यजमानांनी तिथेच वास्तुपुरुष पुरला होता. माणूस बोलेल त्याला तो तथास्तु म्हणतो. म्हणून या घरात साखर संपली असं कधी कोणी म्हटलं नाही. साखर आणायची आहे, एवढंच.

आता याला बरोबर न्यायचं, की इथेच ठेवायचं? करारात पंखे होते, गीझर होता. याच्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी फरशीखाली काय आहे ते सांगितलं, तसा तपासनीसही पेन धरून गोंधळला. "काकू, माझ्याकडे पोकळ आणि भरीव एवढेच रकाने आहेत."

"पोकळच लिहा. पण खाली वास्तुपुरुष आहे, फोडू नका म्हणावं."

तो हॉलमध्ये गेल्यावर बाई खाली वाकल्या.

"पोरं नवीन आहेत," त्या फरशीला म्हणाल्या. "चुकून वाईट काही बोलली, तर ऐकू नकोस."