सुलट केलेलं पान

शांती नगरच्या वैजयंताताई भविष्य सांगायची टॅरोची पानं दुपारीच मांडत, कारण तेव्हा त्यांचे यजमान सीतारामराव ड्यूटीवर असत आणि त्यांना हे सगळं थोतांड वाटे. पान एकटं वाचायचं नाही, शेजारच्या पानासोबत वाचायचं, एवढं ताई पुस्तकातून शिकल्या होत्या. उलटं, म्हणजे अशुभ आलेलं पान अंगठ्याने हळूच सुलट करायचं, हे मात्र त्यांचं स्वतःचं. शेजारीण रडत घरी गेली, तर विरजण कोणाकडे मागायचं?

त्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधली सुलू आली. तिचा नवरा शिवा बोटीवर नोकरीला होता आणि तीन महिने त्याचं पत्र नव्हतं.

"ताई, हे येतील ना हो? तेवढंच सांगा."

पहिलं पान रथाचं निघालं, उलटं. शेजारी आलं सांडलेल्या पेल्यांचं. ही जोडी आली की प्रवासी परतत नाही, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. ताईंनी रथ सुलट केला.

"प्रवास आणि पाणी. घरी पोचून आधी आंघोळ करणार बघ."

"पण कधी?"

तिसरं पान सूर्याचं होतं. "दिवसाच. आजसुद्धा येईल," ताई म्हणाल्या. एवढं खोटं बोलल्यावर कंजुषी कशाला?

सुलू हसली. तेवढ्यात समोरच्या बंद फ्लॅटमधून तांब्या तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. बिल्डिंगभर बादल्या कोरड्या होत्या.

"आले वाटतं!" सुलू उठली. फ्लॅटची एकुलती एक किल्ली तिच्याच मुठीत होती.

"सुलू, थांब गं."

"सुलू," आतून शिवाचा आवाज आला, "टॉवेल दे गं."