अर्जातला सातवा प्रश्न

“दादा, तुझा जुना अर्ज दाखव ना,” धाकटीने तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही.” दादा बुटाच्या नाड्या बांधत होता. “आपलं आपण लिहायचं. आणि मी तर म्हणतो, दुसरीकडे बघ. त्या एकाच कंपनीत काय ठेवलंय एवढं?”

“स्वतः आत जाऊन बसलास आणि मला दार दाखवतोस होय रे!”

दादा हसला नाही. बॅग खांद्याला लावून तो रोजच्यासारखा आठच्या ठोक्याला बाहेर पडला. कंपनीच्या पदवीधर प्रशिक्षण योजनेत लागून त्याला वर्ष झालं होतं. विद्यावेतन जेमतेम आणि काम मान मोडेस्तोवर, असं तो सांगे. बाबांना तेवढं पुरे होतं. जिन्यात कुणी भेटलं की पहिलं वाक्य हवापाण्याचं आणि दुसरं “आमचा मुलगा कंपनीत आहे” हे ठरलेलं.

धाकटीचा मात्र जीव कोंडला होता. पदवी मिळून आठ महिने झाले होते आणि बाबांनी निकाल देऊन टाकला होता. यंदा कंपनीत लागली तर ठीक, नाहीतर काकांच्या फरशीच्या दुकानात काउंटरवर. ते दुकान तिला चांगलं ठाऊक होतं. खिडकीचं नाव नाही, चारी भिंतींना फरशांचे नमुने, आणि काका दिवसभर तोच एक विनोद सांगणार. तिथे एकदा बसलं की आपण तिथेच म्हातारे होणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

अर्जाचे सहा प्रश्न तिने चुटकीसरशी उडवले. सातव्याला गाडी अडली. ‘अपयशाला तुम्ही कसं तोंड दिलंत? तीनशे शब्दांत सांगा.’ आठ दिवस ती त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसली. शेवटी एका दुपारी, घरात कुणी नसताना, तिने घरच्या कॉम्प्युटरवरचा दादाचा फोल्डर उघडला.

सातव्या प्रश्नाचं उत्तर तिथे तयार होतं. एकाच दारावर तीनदा डोकं आपटून पुन्हा तिथेच उभ्या राहणाऱ्या माणसाचं. धाकटीने ते दोनदा वाचलं. दादाला अपयश कसलं ठाऊक, तो तर पहिल्या फटक्यात लागला होता. पण काय बेमालूम थाप मारली होती पठ्ठ्याने! आणि त्याचा तो जुना अर्ज आता कोण उकरून काढणार? तिने ‘गेलो’चं ‘गेले’ केलं, ‘थकलो’चं ‘थकले’ केलं आणि अर्ज पाठवून दिला. मनाला जरा टोचलं. मग काकांचा विनोद आठवला आणि टोचायचं थांबलं.

पंधरा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबांनी अख्खा मजला गोळा केला. दादा त्या दिवशी घरीच होता. डोकं दुखतंय म्हणून त्याने आठवडाभर रजा टाकली होती.

“छान झालं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “सातव्याला काय लिहिलंस?”

“माझंच काहीतरी,” म्हणत धाकटी पाणी प्यायला उठली.

त्याने पुढे विचारलं नाही. उलट दोन दिवस समोर बसवून तिची तयारी करून घेतली. तिसऱ्या मजल्यावर बसायच्या खोलीतलं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे, त्यावर विसंबू नकोस. आत तिघे असतात. मधल्या बाई गप्प बसतात, पण निर्णय त्यांचाच. डावीकडची खुर्ची डुगडुगते, उजवीकडची घे.

“आणि कॅन्टीन कुठे आहे? मुलाखत झाली की तुझ्याबरोबर चहा घेईन.”

“मी दुसऱ्या इमारतीत असतो,” दादा म्हणाला. “आणि उद्याही माझी रजाच आहे.”

घड्याळ खरंच मागे होतं. उजवीकडच्या खुर्चीत बसून धाकटीने एकामागून एक उत्तरं दिली, आणि एकदा तर तिघांनाही हसवलं. आता उठायचं, असं वाटत असतानाच मधल्या बाई बोलल्या.

“सातव्या प्रश्नाचं उत्तर तुमचं स्वतःचं आहे?”

धाकटी खुर्चीत सरळ बसली. “हो.”

“हाच मजकूर आणखी एका अर्जात आलाय. शब्दन् शब्द. तुमच्यानंतर चार दिवसांनी.”

म्हणजे संशय तिच्यावर नव्हता. दादाचं लिखाण त्याच्या ऑफिसात कुणीतरी ढापलं असणार. धाकटीला एकदम संताप आला, आणि त्या संतापात आपण काय केलंय हे ती साफ विसरली.

“ते माझंच आहे,” ती म्हणाली. “त्याने चोरलं असेल.”

“तसं लेखी द्यावं लागेल. आमच्याकडे दोन्ही बाजूंचं लेखी घेतात. मग त्याचा अर्ज कायमचा बाद, आणि तुम्ही सोमवारी रुजू व्हा.”

सोमवार! धाकटीला वाटलं, कितीतरी महिन्यांनी आपण पोटभर श्वास घेतोय. तिने सही केली.

बाईंनी कागद फायलीत लावला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“वाईट वाटतं हो. चार वर्षं अर्ज करतोय, एकदाही लागला नाही, आणि चारच वेळा करता येतो. त्याचं लेखी परवाच आलं. मजकूर तिचाच, मी चोरला, एवढंच लिहिलंय. पत्ता तुमच्याच घरचा आहे. भाऊ ना तुमचा?”