कोरं बोट

राजाशिवाय राज्य म्हणजे मूर्तीशिवाय देऊळ, हे पेडण्याच्या विश्वंभर गावस सरांनी सात पुस्तकांतून मांडलं आणि मतदानाची शाई आपल्या बोटाला कधी लागू दिली नाही, असं ते सगळ्यांना सांगत. "ह्या घरातलं बोट कोरंच राहणार," असं त्यांनी लग्नाच्या वर्षीच बायकोला बजावलं होतं. पद्मावतीबाईंनी सेहेचाळीस वर्षं मतदानाचा दिवस घरात कुळीथ निवडत काढला.

सर गेले त्या सकाळी, त्यांना आंघोळीला बाहेर नेण्याआधी, बाई त्यांचे हात पुसत होत्या. डाव्या तर्जनीला चिंधी होती. पेन्सिल तासताना ब्लेड लागलं, असं सर तीन आठवड्यांपूर्वी, मतदानाच्या संध्याकाळी म्हणाले होते. मागच्या पंचायतीच्या वेळीही लागलं होतं. त्याच्या आधीही. जखमेला हळद मात्र ते कधी लावू देत नसत.

बाईंनी चिंधी सोडली. खाली जखम नव्हतीच. नखाच्या मुळाशी शाईची काळपट रेघ होती. "कोरंच राहणार," तोच करडा आवाज कानाशी आला.

तेवढ्यात सरांचा शिष्य गौरेश फोटो काढायला फोन घेऊन दारात आला. "काकी, सरांच्या कोऱ्या बोटाचो एक फोटो जाय. नव्या पुस्तकाच्या कव्हराक."

बाईंनी सरांचा हात चादरीखाली सारला.

मग आपलं बोट पुढे केलं. "ह्याचो काढ. ह्या घरात कोरां बोट ह्यां एकच आसा."