टपावरचं झाकण

सकाळीच फौजदाराने गाड्या धुणाऱ्या मावशीला सुनावलं होतं, “म्हातारी झालीस, सोमवारपासून येऊ नकोस.” दुपारी त्याच्याच हातून पोलिसांच्या चिलखती गाडीची किल्ली आत राहिली आणि दारं लागली. मोठे साहेब पाहणीला निघालेले, आणि गाडी अशी की गोळीलाही दाद देत नाही. मावशी म्हणाली, “टपावरचं झाकण उघडंच असतं. आत उकडतं म्हणून तुमची पोरं लावतच नाहीत.” पण त्यातून एकाही शिपायाचं पोट जाईना. शेवटी मावशीच शिडीने चढून सुळकन आत उतरली. सीटवर ऐसपैस बसून तिने बंदूक रोखायचं भोक तेवढं उघडलं. फौजदाराने भोकाला तोंड लावलं. “मावशी, सोमवारी या.” “आणि पुढच्या सोमवारी?” “हात चालतील तोवर या, माझे आई.” मग कुठे दार उघडलं. “बूट झटकून चढा, साहेब. आतून मी आत्ताच फडकं मारलंय.”