तांबडीची लाथ

तांबडीने लाथ मारली. बादली एकीकडे, मुलगी दुसरीकडे. शहरातली नोकरी सोडून कालच परतलेली लेक शेणात फतकल मारून बसली होती आणि तिची आई गोठ्याच्या खांबाला धरून खो खो हसत होती.

"अगं, गाय आहे ती, लॅपटॉप नाही! बटणं कसली दाबतेस? जरा लाडीगोडी लाव."

मग मुलगीही हसत सुटली. येताना बसभर ती हाच विचार करत होती. लोक काय म्हणतील? आई काय म्हणेल? लोकांनी म्हटलंच. शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या, "आलीस का शहर पालथं घालून?" आईला मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. नवरा गेल्यापासून ती एक रात्रही कुठे राहिली नव्हती. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेली नाही. "गाईंना कोण बघणार?" हे तिचं ठरलेलं उत्तर. आता लेक आली, घर भरलं, म्हणून बाई हरखली असणार, असं मुलीला वाटलं.

आई तर शिकवायला हात धुऊन मागे लागली. कुणाला पेंड किती, कोण खोडकर, कोण मानी.

"ही विनाकारण फुरफुरते. अगदी आमची मॅनेजर!" मुलगी म्हणायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या.

आठवडा सरला आणि एका सकाळी तांबडी मुकाट उभी राहिली. बादली फेसाने काठोकाठ भरली. मुलीने गोठ्यातच उडी मारली. आईने तिला मिठीत घेऊन गरागरा फिरवलं. काकू कुंपणावरून बघतच राहिल्या.

"आलं! तुला सगळं आलं!" आई ओरडली आणि घरात पळाली.

बाहेर आली ती ठेवणीतले कपडे घालून. हातात पिशवी, पायात नव्या चपला.

"आई, कुठे निघालीस?"

"शहरात. तुझी खोली महिनाअखेरपर्यंत आपलीच आहे ना? आण ती किल्ली."

"अगं, पण तिथे जाऊन करणार काय तू?"

"झोपणार!" आई लहान मुलीसारखी खिदळली. "एकदा तरी मला उन्हं डोक्यावर येईपर्यंत लोळायचंय."