तळाचं पाणी

अंजनाबाईंनी तुरटी फिरवून ठेवलेली कळशी अलगद कलती केली. वरचं निवळ पाणी फडक्यातून माठात गेलं.

नळाला नदीकाठच्या विहिरीचं पाणी यायचं, आणि नदी पुण्याचं सगळं पोटात घेऊन राहू गावापर्यंत यायची. मागं कॉलेजची माणसं ग्रामपंचायतीत सांगून गेली होती, शिसं-बिसं पाण्यापेक्षा गाळालाच जास्त चिकटून येतं. शितल बाळंतपणाला न्हावऱ्याहून माहेरी आली तेव्हापासून अंजनाबाईंनी पणच केला होता. लेकीच्या पोटात गाळाचा कण जाऊ द्यायचा नाही.

कळशीच्या तळाचं काळपट पाणी त्यांनी मागच्या दारी अळूला ओतलं. रोजच्यासारखं. पाणी वाया घालवायचं नसतं.

शितल चुलीपाशी उभ्यानंच अळूवडी खात होती.

"बसून खा गं. पोरगं पळतच जन्माला येईल."

"येऊ दे. आप्पांसारखं बसून तरी ऱ्हाणार न्हाई."

"बसलो न्हाई, राखण करतुय," मागच्या उंबऱ्यावरून तिचे वडील सोपानराव म्हणाले. "पानं बघ की. सुपाएवढी झाल्यात. औंदा काय घालतीस गं अळूला?"

"काय घालायचंय? कळशीच्या तळाचं..."

अंजनाबाई थांबल्या. कढईतली वडी करपायला लागली.

त्यांनी शितलच्या हातातली ताटली काढून घेतली.

"अगं, दे की आई."

"तिखट झाल्यात."

"मला न्हाई लागत."

"मला लागत्यात."

मग त्या खुरपं घेऊन बाहेर गेल्या आणि गड्ड्यांसकट सगळा अळू उपटला.

भारा बघून म्हशीनं मान लांब केली. तिचंच दूध रात्री शितलला असायचं. अंजनाबाई भारा छातीशी धरून वळल्या. उकिरड्यापाशी जाऊन थांबल्या. तिथलं खत मेथीच्या वाफ्यात जायचं. बांधापर्यंत गेल्या. तिथून नदी दिसत होती, आणि नदीच्या अंगाला खालची गावं. परत फिरल्या.

"आता टाक की कुठंतरी," सोपानराव म्हणाले.

"कुठं, ते सांगा."



शितल दारात आली. आई भारा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत अंगणात येरझारा घालत होती, रडणारं पोर निजत नसल्यासारखी.