कावळ्यांची वाट

"आजचो दीस गप रव गो. म्हाळ आसा," सत्यवान बायकोला म्हणाला. बापाच्या श्राद्धासाठी तो मुंबईहून आला होता, आणि म्हाळाच्या घरात भांडण झालं की पितर उपाशी परततात. तुळसानं मान हलवली. बांद्याहून नणंद काशीबाई आली होती, म्हणजे गप्प राहणं हेच आजचं सगळ्यात मोठं काम.

दुसरं काम एवढंच. भटजी पाटावर बसले, की धावत खाडीवर जायचं आणि गाईची पाडी सोडून आणायची. पहाटे ओहोटीला तिनं ती खालच्या गवतात खुंटाला बांधली होती. आज अमावस्या, दुपारी उधाणाची भरती येणार.

भटजी बसले. नेमकी तेव्हाच काशीबाई चुलीपाशी आली.

"वड्यांचा पीठ सैल झाला मगे. आणि ती पाडी खंयची? बापाशीन धाडल्यान? चेडवाच्या गळ्यात सोना घालूक झाला नाय, म्हणान पाडयेच्या गळ्यात दावा बांधून धाडल्यान!"

तुळसाचा बाप वैशाखात गेला होता. पाडी ही त्याची शेवटची भेट. उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर आलं. तिनं जीभ दाताखाली धरली आणि वडा तेलात सोडला. काशीबाई थांबते कसली! बापाचं झालं, मग आईचं, मग रंगाचं. तुळसाचं सारं बळ त्या एवढ्याशा जिभेला आवरण्यात खर्ची पडत होतं. डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच राहिली नाही.

पितरांचं पान परसात ठेवलं. एकही कावळा फिरकेना. कावळा शिवल्याखेरीज कोण जेवणार? पाव्हणे ताटकळले.

"हिच्या रांधपाक पितर शिवणत नाय," काशीबाई सगळ्यांसमोर म्हणाली.

तुळसानं तेही गिळलं. दिवसभरात आपण एक शब्द बोललो नाही, याचं तिला जरा बरंही वाटलं.

"ऐकलंस?" सत्यवान म्हणाला. "कावळे सगळे खाडीर जमले वाटतत."

तुळसानं कान दिला. खाडीकडून कावकाव येत होती. मग उठली आणि धावत सुटली.

पाणी ओसरू लागलं होतं. खुंटाचं दावं ताणलेलं होतं. दुसऱ्या टोकाला पाडी कुशीवर पडली होती आणि तिच्यावर कावळेच कावळे. ते डोळ्यांपासून सुरुवात करतात. तुळसाला ओरडायचं होतं, पण दिवसभर आवळलेलं तोंड आता उघडेना.

मागून काशीबाई धापा टाकत आली. तिनं पाडी पाहिली, कावळे पाहिले.

"बघतंस काय गो? हाकल त्यांका घराकडे. माणसां उपाशी आसत."